कालबाह्य ई-मेल प्रणालीतील अनाहूत पत्रांची गाळणी : ग्रामीण महाविद्यालयीन कार्यालयाच्या संदर्भात

सारांश

महाविद्यालयाच्या दैनंदिन प्रशासनात ई-मेलला अधिकृत पत्रव्यवहाराचे स्थान प्राप्त झाले आहे. तथापि अनेक कार्यालयांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या आउटलुक एक्सप्रेससारख्या जुन्या प्रणालींमध्ये स्पॅम म्हणजेच अनाहूत पत्रे ओळखण्याची सोय अत्यंत मर्यादित होती. प्रस्तुत लेखात या प्रणालीची गाळणपद्धती, तिच्या मर्यादा, मराठी मजकुरामुळे निर्माण होणाऱ्या विशेष अडचणी व त्यांवरील व्यवहार्य उपाय यांचे विवेचन केले आहे. गाळणीचे यश किती कचरा अडला यापेक्षा कामाचे एकही पत्र हरवले नाही ना, यावरून मोजावे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

बीजसंज्ञा : ई-मेल, स्पॅम, गाळणी, आउटलुक एक्सप्रेस, युनिकोड, संभाव्यता, ग्रामीण महाविद्यालय

१. प्रस्तावना

मुरबाड किंवा शहापूरसारख्या तालुक्यातील महाविद्यालयाच्या दृष्टीने ई-मेल ही केवळ सोय नाही. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात एखादे विवरणपत्र प्रत्यक्ष पोहोचवायचे झाल्यास मुरबाडहून रस्त्याने कल्याण गाठावे लागते आणि तेथून लोकलने पुढचा प्रवास करावा लागतो. त्यात कर्मचाऱ्याचा संपूर्ण दिवस खर्ची पडतो. हा दिवस ई-मेलमुळे वाचतो. परंतु ज्या पेटीत विद्यापीठाचे परिपत्रक येते, त्याच पेटीत लॉटरीचे, औषधांचे, कर्जाचे आणि बनावट संशोधनपत्रिकांचे निरोपही येतात. परिपत्रक या गर्दीत दिसेनासे झाले, किंवा गाळणीनेच ते कचरा समजून दूर सारले, तर मुदत टळते आणि वाचलेला दिवस दामदुपटीने फेडावा लागतो.

विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी संपुष्टात आणला आणि त्याबरोबर आउटलुक एक्सप्रेसही अधिकृतरीत्या कालबाह्य झाले. असे असले तरी जुन्या संगणकांवर त्यातील पत्रसंग्रह शिल्लक असू शकतो. शिवाय त्या प्रणालीतील उणिवा समजून घेतल्यास आजच्या गाळण्या नेमके काय करतात हेही स्पष्ट होते. या दुहेरी हेतूने हा विषय विचारार्थ घेतला आहे.

२. स्पॅम : उगम आणि स्वरूप

३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीचे विक्री अधिकारी गॅरी थ्युर्क यांनी अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात एकाच वेळी पाठविली. अनाहूत ई-पत्राचे हे पहिले ज्ञात उदाहरण मानले जाते. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली आणि पुढील काही वर्षांतच हा प्रश्न येथेही येऊन पोहोचला.

या प्रश्नाचे मूळ ई-मेलच्या रचनेतच आहे. पत्र वाहून नेणारा एसएमटीपी हा नियमसंच १९८२ मध्ये सिद्ध झाला, तेव्हा जाळ्यावरील संस्था परस्परांना ओळखत होत्या. त्यामुळे ‘प्रेषक’ या रकान्यात लिहिलेले नाव खरे आहे की नाही, हे तपासण्याची तरतूद त्यात नव्हती. टपालाच्या पाकिटामागे कोणीही कोणाचाही पत्ता लिहू शकतो, तशीच ही स्थिती होती. दुसरे असे की, हजार पत्रे पाठविण्याचा खर्च पाठविणाऱ्यास जवळजवळ पडत नाही, तो घेणाऱ्यावर पडतो. डायल-अप जोडणीच्या काळात हा खर्च डोळ्यांना दिसत असे. सेकंदाला ४ किलोबाइट वेग मिळाल्यास एक मेगाबाइटचे एक निरुपयोगी पत्र उतरविण्यास सव्वाचार मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ दूरध्वनीची वाहिनी अडून राही.

३. गाळणीचे स्थान

गाळणी कोठे बसविली आहे, यावर तिची उपयुक्तता बरीचशी अवलंबून असते. शहापूर तालुक्यातील भातसा जलाशयाचे पाणी मुंबईत पोहोचण्यापूर्वी पांजरापूर व भांडुप येथील केंद्रांत शुद्ध केले जाते. घरातील माठावर बांधलेले फडके त्यानंतरचे काम करते. शुद्धीकरण केंद्र लाखो घरांचे पाणी एकत्र पाहते. फडक्याला मात्र समोरच्या एका हंड्यापलीकडचे काही कळत नाही.

ई-मेलच्या बाबतीत सेवादात्याचा सर्व्हर हे शुद्धीकरण केंद्र होय. एकच मजकूर एकाच वेळी हजारो पेट्यांकडे निघाला आहे, हे सर्व्हरला दिसते. संगणकावरील ई-मेल प्रणाली हे घरचे फडके होय. तिला एकाच पेटीतील पत्रे दिसतात आणि तीही उतरविल्यानंतर. सन २००० नंतरच्या काही वर्षांत अनेक लहान सेवादात्यांच्या सर्व्हरवर गाळणी नव्हती किंवा कच्ची होती. परिणामी संपूर्ण भार फडक्यावर पडला, आणि आउटलुक एक्सप्रेसमधील फडके विरळ विणीचे होते.

४. आउटलुक एक्सप्रेसची नियमपद्धती

विंडोजवरील आउटलुक एक्सप्रेसच्या सहाव्या आवृत्तीत स्वतः शिकणारी स्पॅम गाळणी नव्हती. ‘टूल्स’ या यादीतील ‘मेसेज रूल्स’ आणि ‘ब्लॉक्ड सेंडर्स लिस्ट’ ही दोनच साधने उपलब्ध होती.

यांपैकी अडविलेल्या प्रेषकांची यादी सर्वांत सोपी आणि सर्वांत निरुपयोगी ठरली. यादीतील पत्त्यावरून आलेले पत्र सरळ ‘डिलीटेड आयटम्स’मध्ये जात असे. परंतु स्पॅम पाठविणारा प्रत्येक वेळी नवा, बहुधा बनावट पत्ता वापरतो. त्यामुळे यादी वाढत जाते, पण कचरा घटत नाही. याच यादीत एका पत्त्याऐवजी संपूर्ण डोमेनही टाकता येत असे. त्रासलेल्या कर्मचाऱ्याने रेडिफमेल किंवा याहूचे डोमेन अडविले, तर त्या सेवेवर खाते असलेले सर्व विद्यार्थी, पालक आणि अध्यापक एका फटक्यात महाविद्यालयापासून तोडले जात.

नियमपद्धतीत प्रेषक, विषय, मजकूर, पत्राचा आकार, जोडपत्र इत्यादी अटी लावता येत आणि अट जुळल्यास पत्र हलविणे, पुसणे किंवा सर्व्हरवरच नष्ट करणे अशी कृती ठरविता येत असे. तिच्या चार मर्यादा ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

पहिली मर्यादा अशी की, हे नियम पीओपी पद्धतीच्या खात्यांनाच लागू होत. आयमॅप पद्धतीच्या खात्यांवर ते चालत नसत.

दुसरी मर्यादा पत्राच्या शीर्षभागाविषयीची आहे. पत्र कोणकोणत्या सर्व्हरमधून आले याची नोंद शीर्षभागात असते, परंतु विषय, प्रेषक यांसारखे ठरावीक रकाने वगळता त्यातील इतर ओळी तपासण्याची सोय या प्रणालीत नव्हती. स्पॅमॲसॅसिन ही सर्व्हरवरील गाळणी संशयित पत्राच्या शीर्षभागात तशी खूण करते, पण ती आउटलुक एक्सप्रेसच्या नियमाला दिसत नसे. म्हणून सर्व्हरच्या चालकाने ती खूण विषयाच्या ओळीतही घालणे आवश्यक ठरे. तसे केल्यास विषयातील त्या खुणेवर नियम लावता येई, आणि जुन्या प्रणालीला नव्या गाळणीचा लाभ मिळे.

तिसरी मर्यादा शब्दजुळणीची होय. ‘फ्री’ या शब्दावर नियम केल्यास जाहिरात अडते, तसेच ‘फ्रीशिप’विषयीचे शासकीय पत्रही अडते, कारण रोमन लिपीत ती अक्षरे त्या शब्दाच्या आरंभीच असतात. शब्द कोणत्या संदर्भात आला, हे नियमाला कळत नाही.

चौथी मर्यादा सर्वांत घातक आहे. ‘ज्या पत्राच्या प्रति किंवा प्रत या रकान्यांत आपला पत्ता नाही, ते पत्र हटवावे’ असा नियम त्या काळी स्पॅमवरील हमखास उपाय म्हणून सुचविला जाई. परंतु विद्यापीठाचे किंवा शासकीय कार्यालयाचे परिपत्रक शेकडो महाविद्यालयांना गुप्त प्रतीने पाठविले जाते, तेव्हा त्यातही प्राप्तकर्त्याचा पत्ता दिसत नाही. शिवाय विषयात ‘अर्जंट’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो आणि सोबत जोडपत्रही असते. म्हणजेच बाह्य लक्षणांपुरते पाहिल्यास परिपत्रक आणि स्पॅम यांत भेद उरत नाही. अशा नियमाला ‘सर्व्हरवरून नष्ट करा’ ही कृती जोडली असेल, तर पत्र आले होते याचा मागमूसही राहत नाही.

५. संभाव्यतेवर आधारित गाळणी

नियमांच्या या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग अठराव्या शतकातील एका गणिती विचारात सापडला. थॉमस बेझ यांचा संभाव्यतेविषयीचा निबंध त्यांच्या निधनानंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा स्पॅमसाठी उपयोग करण्याचे प्रयत्न १९९८ पासून होत होते. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहॅम यांनी लिहिलेल्या लेखामुळे ही पद्धत सर्वत्र परिचित झाली.

तिचे सूत्र एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. वापरकर्त्याने १०० स्पॅम व १०० कामाची पत्रे वेगळी करून दिली आहेत, असे समजू. ‘लॉटरी’ हा शब्द ४० स्पॅम पत्रांत व २ कामाच्या पत्रांत आढळला, म्हणजे तो स्पॅमच्या बाजूने २० विरुद्ध १ अशी साक्ष देतो. ‘परीक्षा’ हा शब्द १ स्पॅम पत्रात व ३० कामाच्या पत्रांत आढळला, म्हणजे तो कामाच्या पत्राच्या बाजूने ३० विरुद्ध १ अशी साक्ष देतो. नव्या पत्रात हे दोन्ही शब्द आल्यास साक्षींचा गुणाकार २० विरुद्ध ३० होतो आणि ते पत्र स्पॅम असण्याची शक्यता ०.४ येते. ०.९ च्या वर गेल्यासच अडवावे असे ठरले असेल, तर हे पत्र सुटते. केवळ ‘लॉटरी’ या एका शब्दावर नियम असता, तर ते अडले असते.

या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, ती प्रत्येक कार्यालयाच्या स्वतःच्या पत्रव्यवहारावरून शिकते. डिसेंबर २००४ मध्ये आलेल्या थंडरबर्डच्या पहिल्या आवृत्तीत ती अंगभूत होती. आउटलुक एक्सप्रेस वापरणाऱ्यांसाठी पॉपफाइलसारखी मुक्त साधने उपलब्ध झाली. ती सर्व्हर आणि ई-मेल प्रणाली यांच्यामध्ये बसत आणि पत्राच्या विषयात आपला निर्णय लिहीत. त्या लिखित निर्णयावर आउटलुक एक्सप्रेसचा साधा नियम पुढील काम करी.

६. मराठी मजकुराचा विशेष प्रश्न

शब्द मोजून शिकणाऱ्या गाळणीला मुळात शब्द ओळखता आला पाहिजे. मराठीच्या बाबतीत येथे तीन अडचणी येतात.

पहिली अडचण युनिकोडपूर्व फाँटची आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान असले, तरी त्यानंतरही दीर्घकाळ मराठी टंकलेखन श्री-लिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटमध्ये होत राहिले. त्यांत देवनागरी केवळ पडद्यावर दिसते. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. कृतिदेवमधील ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, बी व एच या पाच रोमन अक्षरांचा असतो. गाळणीच्या दृष्टीने असे संपूर्ण पत्र म्हणजे अर्थहीन अक्षरांची रास होय, आणि अर्थहीन अक्षरे पेरणे ही तर गाळणीस चकविण्याची स्पॅमकर्त्यांची जुनी युक्ती आहे. त्यामुळे खरे मराठी पत्र संशयास्पद ठरण्याची शक्यता वाढते.

दुसरी अडचण युनिकोडमधील मजकुराची आहे. युनिकोडमध्ये व्यंजने ही ‘अक्षरे’ या वर्गात, तर मात्रा व हलन्त ही ‘चिन्हे’ या वर्गात मोडतात. केवळ अक्षरांनाच शब्दाचा भाग मानणारी गाळणी ‘विद्यापीठ’ या शब्दाचे व, द, य, प, ठ असे पाच सुटे तुकडे करते. तीनपेक्षा कमी अक्षरांचे तुकडे दुर्लक्षित करण्याची पद्धत असल्यास संपूर्ण शब्दच हिशेबातून गळतो. जपानी भाषेत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, म्हणून पॉपफाइलला त्या भाषेसाठी शब्द वेगळे करणारे साधन जोडावे लागले होते. मराठीची गरज निराळी असली, तरी त्याच जातीची आहे.

तिसरी अडचण विभक्तीची होय. परीक्षा, परीक्षेचा, परीक्षेस, परीक्षांच्या ही सर्व रूपे गाळणी स्वतंत्र शब्द म्हणून मोजते. प्रत्येकाची गणना विखुरते आणि शिकण्यास अधिक पत्रे लागतात. यावर उपाय एकच, तो म्हणजे मराठीतील कामाची पत्रे ‘कामाची’ म्हणून गाळणीस मोठ्या संख्येने दाखवून देणे. केवळ स्पॅम दाखविणारा वापरकर्ता गाळणीस अर्धेच शिक्षण देतो.

७. विद्वत्तेच्या वेषातील स्पॅम

अध्यापकांच्या पेटीत येणारा एक प्रकार कोणत्याही शब्दाधारित गाळणीस अवघड जातो. शुल्क घेऊन काही दिवसांत शोधनिबंध छापून देण्याचे आमंत्रण देणाऱ्या पत्रात संशोधन, समीक्षण, परिषद, अंक असेच शब्द असतात आणि प्रामाणिक पत्रिकेच्या पत्रातही तेच असतात. येथे शब्दांची साक्ष दोन्ही बाजूंना सारखीच पडते.

हा प्रश्न केवळ त्रासाचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य सूचीतून ४,३०५ पत्रिका वगळल्या. अमेरिकेतील न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये हैदराबाद येथील ओमिक्स या प्रकाशनसमूहाविरुद्ध फसव्या दाव्यांबद्दल ५ कोटी १ लाख डॉलरचा निर्णय दिला. पुढे केअर ही सूचीही आयोगाने बंद केली आणि पत्रिकेची पारख करण्याची जबाबदारी संस्था व अध्यापक यांच्याकडे आली. त्यामुळे या प्रकारच्या पत्रांबाबत अंतिम गाळणी अध्यापकाचा विवेक हीच राहते.

८. कायद्याची बाजू

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये सन २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-अ समाविष्ट झाले. त्रास देण्याच्या किंवा मूळ प्रेषकाबाबत दिशाभूल करण्याच्या हेतूने ई-मेल पाठविणे त्याच्या (क) उपकलमानुसार दंडनीय होते. अनाहूत ई-पत्रांना लागू पडू शकेल अशी हीच थेट तरतूद होती. परंतु या कलमाची भाषा अतिशय मोघम होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी संपूर्ण कलम घटनाबाह्य ठरविले.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा होय. त्याचा एक आनुषंगिक परिणाम असा की, ई-मेलवरील स्पॅमविषयीची ती तरतूदही संपली. तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास कलम ६६-ड लागू होते, आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम व्यापारी दूरध्वनी व लघुसंदेशांना लागू आहेत. केवळ अनाहूत असलेले ई-पत्र मात्र या दोन्हींच्या कक्षेबाहेर राहते. कायद्याचा आधार असा तोकडा असल्याने गाळणीचे महत्त्व अधिकच वाढते.

९. कार्यालयासाठी व्यवहार्य क्रम

वरील विवेचनावरून कोणत्याही जुन्या-नव्या ई-मेल प्रणालीसाठी पुढील क्रम सुचविता येतो.

(१) पहिला नियम अडविण्याचा नव्हे, तर वाचविण्याचा असावा. विद्यापीठ, सहसंचालक कार्यालय, अनुदान आयोग, नॅक, बँक यांचे पत्ते किंवा डोमेन त्यात नोंदवावेत आणि ‘पुढील नियम तपासू नयेत’ ही कृती जोडावी. नियम वरून खाली क्रमाने चालत असल्याने याचे स्थान सर्वांत वर हवे. हे पत्तेही बनावट असू शकतात, म्हणून पासवर्ड किंवा रक्कम मागणाऱ्या पत्राची दूरध्वनीवरून खातरजमा करावी.

(२) संशयित पत्र पुसू नये, ‘संशयित’ नावाच्या स्वतंत्र कप्प्यात हलवावे. सर्व्हरवरून नष्ट करण्याची कृती वापरू नये.

(३) हा कप्पा ठरावीक दिवशी, एका नेमलेल्या कर्मचाऱ्याने पाहावा. विवरणपत्रांच्या व परीक्षा अर्जांच्या काळात तो रोज पाहणे श्रेयस्कर.

(४) पत्रातील बाह्य चित्रे आपोआप उघडू देऊ नयेत. चित्र उतरले की पत्ता चालू असल्याची वर्दी पाठविणाऱ्यास मिळते. एक्सपीच्या २००४ मधील दुसऱ्या सुधारणा संचाने ही चित्रे अडविण्याची सोय आउटलुक एक्सप्रेसमध्ये आणली होती. अनोळखी पत्रातील ‘नाव वगळा’ या दुव्यावरही टिचकी मारू नये.

(५) महाविद्यालयाने स्वतः पाठविलेली पत्रे इतरांच्या गाळणीत अडकू नयेत याचीही दक्षता घ्यावी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी पाठविणाऱ्या डोमेनच्या प्रमाणीकरणाचे नियम कडक केले आहेत. स्वतःचे डोमेन असलेल्या संस्थेने एसपीएफ व डीकेआयएम या नोंदी सेवादात्याकडून करून घ्याव्यात. मराठी मजकूर युनिकोडमध्येच पाठवावा.

(६) जुन्या संगणकावरील पत्रसंग्रह सुरक्षित करावा. पीओपी पद्धतीत सर्व्हरवर प्रत ठेवण्याचा पर्याय निवडला नसल्यास पत्र केवळ त्या संगणकावर राहते. आउटलुक एक्सप्रेसचा प्रत्येक कप्पा एका डीबीएक्स धारिकेत साठतो आणि ती २ गिगाबाइटपर्यंत पोहोचली की बिघडण्याचा धोका असतो. पत्रे कप्प्यातून ओढून साध्या फोल्डरमध्ये टाकल्यास ती स्वतंत्र ईएमएल धारिका म्हणून जतन होतात आणि थंडरबर्डसारख्या चालू प्रणालीत वाचता येतात. हे काम जाळ्याशी न जोडलेल्या स्थितीत करावे, कारण आधार संपलेला संगणक इंटरनेटवर ठेवणे धोक्याचे आहे.

१०. समारोप

गाळणी दोन प्रकारे चुकते. कचरा सुटतो किंवा कामाचे पत्र अडते. पहिल्या चुकीची किंमत काही सेकंदांचा त्रास एवढीच असते, कारण ती डोळ्यांसमोर घडते. दुसरी चूक कोणालाच दिसत नाही. ती उघड होते ती मुदत टळल्यानंतर, विद्यार्थ्याचा अर्ज नाकारला गेल्यावर किंवा अनुदानाचा हप्ता अडकल्यावर. भात पाखडताना फोलपट उडाले नाही तर पुन्हा पाखडता येते. अंगणाबाहेर गेलेला दाणा मात्र परत मिळत नाही.

आउटलुक एक्सप्रेसच्या नियमांत हा भेद करण्याची क्षमता नव्हती. आजच्या गाळण्यांत ती बऱ्याच अंशी आहे, परंतु त्या सेवादात्याच्या सर्व्हरवर, वापरकर्त्याच्या नजरेआड काम करतात आणि मराठीचा जितका मजकूर त्यांना दाखविला जाईल तितक्याच त्या शिकतात. म्हणून प्रणाली बदलली, तरी संशयितांचा कप्पा नियमितपणे उघडून पाहणारा आणि अडलेले कामाचे पत्र ‘स्पॅम नाही’ अशी खूण करून परत आणणारा कर्मचारी अनावश्यक ठरत नाही. महाविद्यालयाच्या कार्यविभागणीत या कामाची लेखी नोंद असणे, हा कोणत्याही नव्या सॉफ्टवेअरच्या खरेदीपूर्वी करावयाचा, बिनखर्चाचा आणि सर्वांत परिणामकारक उपाय होय.